भट्टी बंद, आडनाव नाही

मी आप्पांच्या विरोधात पत्रक काढलं होतं, हे आधी सांगून टाकते. पिवळ्या कागदावर, दोन्ही बाजूंनी छापलेलं, वर ठळक मथळा आणि खाली ‘लढा चालूच राहील’. आमच्या संघटनेनं कचेऱ्यांविरुद्ध पत्रकं काढली, वखारवाल्यांविरुद्ध काढली, रस्त्याच्या ठेकेदाराविरुद्ध काढली. अर्जातल्या एका रकान्यावरून एका माणसाविरुद्ध निघालेलं हे पहिलंच. निपाणीच्या स्टँडवर मी ते वाटत होते आणि बेळगावच्या बसमधून उतरून पहिली प्रत हातात घेतली ती आप्पांनीच. तिथंच उभं राहून त्यांनी ती दोन्ही बाजूंनी वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाले, “छपाई चांगली झालीया. मुद्दा तेवढा मागल्या बाजूला गेलाय, त्यो पुढं घ्यायला पायजे होता.”

असल्या माणसाशी भांडायचं कसं, तुम्हीच सांगा.

आप्पा मूळचे निपाणीचेच. आई विड्या वळायची. पोरगा शिष्यवृत्त्यांवर शिकून इंजिनिअर झाला, बेंगळुरूला मोठ्या कंपनीत गेला आणि पुष्कळ वर्षांनी एक दिवस राजीनामा देऊन बेळगावजवळ मच्छेला येऊन राहिला. तिथल्या औद्योगिक वसाहतीत एका लेथच्या वर्कशॉपच्या माडीवर दोन खोल्या. खाली दिवसभर लोखंड किंचाळायचं, वर आप्पा कॉम्प्युटरपुढं. एवढ्या आवाजात काम कसं होतं असं कुणी विचारलं तर म्हणायचे, बेंगळुरूच्या ऑफिसात सुईसुद्धा ऐकू यायची, तिथं काय मोठं काम झालं?

राजीनाम्याचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं. त्या कंपनीत दिवसातून कितीतरी वेळा वेबसाइट बदलायची. सकाळी बटण डावीकडं, दुपारी उजवीकडं, संध्याकाळी गायब. “लोक कंपनीला शिव्या घालत न्हवते गं. स्वतःलाच येडं समजत होते. म्हातारी माणसं फोन करून माफी मागायची, साहेब मला जमंना म्हणून. ते काय मला बघवंना.” त्यांनी तिथं बदल ठरावीक वेळीच करा अशी मागणी केली, तेव्हा सगळी मीटिंग हसली म्हणे. आप्पा उठले आणि निपाणीच्या बसचं तिकीट काढून आले.

मच्छेच्या माडीवर त्यांनी उभं केलं ते ‘अर्जघर’. सरकारी अर्ज कसे असतात ते तुम्हाला ठाऊक आहे: इंग्रजीत, लांबलचक, आणि निम्म्यात आलं की पान उडतं. अर्जघर तेच प्रश्न साध्या मराठीत किंवा कन्नडात एकेक करून विचारतं. बाईनं उत्तरं सांगायची, कुणीतरी टाइप करायचं, शेवटी सरकारी संकेतस्थळाला हवा तसा अर्ज तयार होऊन तिकडं जातो. शिष्यवृत्ती, पेन्शन, रेशनकार्ड, सगळं. निपाणीच्या विडी कामगार बायकांसाठी सुरू झालेलं हे प्रकरण पुढं सोलापूरला पोचलं, मग तेलंगणातल्या विडीच्या गावांत पोचलं, आणि तिथल्या लोकांनी त्यावर तेलुगू चढवली.

याला ओपन सोर्स म्हणतात. म्हणजे आतला सगळा कोड उघडा. कुणीही बघावा, फुकट घ्यावा, हवा तसा बदलावा, दुरुस्ती सुचवावी. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी खूश झाले. सार्वजनिक मालकी! गावच्या नळासारखं! हा माणूस आमच्यातलाच. नंतर कळलं की नळावर रांग असते, आणि रांगेचे नियम आप्पा करतात.

पहिला नियम, नवं व्हर्जन तीन महिन्यांनी एकदाच निघणार. त्याला ते रिलीज म्हणत नसत, खेप म्हणत. आणि प्रत्येक खेपेला बसच्या थांब्याचं नाव. काकती, यमकनमर्डी, संकेश्वर असं. तेलंगणातल्या पोरांच्या जिभेला ‘यमकनमर्डी’ काही केल्या वळेना, तरी आप्पांनी नाव बदललं नाही. एकदा सोलापूरहून घाईघाईनं निरोप आला की काकतीत पाणी मुरतंय, पासबुकाचा फोटो चढत नाही. मी तेव्हा शेजारीच बसले होते. आप्पा म्हणाले, “पाणी मुरत आसंल तर काकतीच्या पंचायतीला कळवा,” आणि हसत हसत चूक शोधायला लागले.

नाव देऊन भागत नसे. ज्या गावचं नाव, तिथं जाऊन ती खेप सोडायची. पिशवीत लॅपटॉप, डब्यात चपाती-भाजी, आणि बस. लोंढ्याची खेप सोडायला ते लोंढा जंक्शनला गेले तर प्लॅटफॉर्मवर रेंज नाही. मग जिन्यावरच्या पुलावर चढले, कठड्याला टेकून लॅपटॉप उघडला. गस्तीवरच्या रेल्वे पोलिसानं विचारलं, काय चाललंय? आप्पा म्हणाले, खेप सोडतोय. गोव्याकडून येणाऱ्या गाड्यांचं ते जंक्शन, तिथं खेप म्हटल्यावर पोलिसाला बाटल्यांशिवाय दुसरं काय सुचणार? पिशवी उलटी केली. चपात्या बाहेर आल्या. पुढं आप्पांनी त्या पोलिसाला ओपन सोर्स म्हणजे काय हे इतकं बैजवार समजावलं की त्याची गाडी निघून गेली, आणि शेवटी त्याच्याच आईच्या पेन्शनचा अर्ज त्या पुलावर, नव्याकोऱ्या लोंढा खेपेत, सगळ्यात पहिला भरला गेला.

जुनं व्हर्जन बंद करायचं असलं की वर्षभर आधी सांगायचे. बंद करण्याच्या दिवशी वर्कशॉपच्या मालकाला आणि कामगारांना वर बोलावून कुंदा वाटायचे. मालक कानडी माणूस, त्याला यातलं ओ की ठो कळत नसे. कुंदा तोंडात टाकून तो गंभीरपणे म्हणायचा, “पाप, छलो होता,” म्हणजे बिचारा, चांगला होता. आप्पाही तितक्याच गंभीरपणे मान हलवायचे.

आणि भट्टी. विड्या वळून झाल्या की पत्र्याच्या ट्रेमध्ये रचून भट्टीत शेकायला ठेवतात. ट्रे आत गेला की दार बंद, मग त्यात एकही विडी वाढवायची नाही की काढायची नाही. आप्पांच्या खेपेआधीचा पंधरवडा म्हणजे भट्टी. या दिवसांत नवं काही घ्यायचं नाही. ठिकठिकाणचे लोक तयार खेप वापरून बघणार, काही बिघडलं तर सांगणार, तेवढं दुरुस्त होणार. सगळ्या गावांचा ‘हो’ आला की मग त्यातलं अक्षरसुद्धा हलणार नाही. साइटवर लाल पाटी लागायची, ‘भट्टी बंद’.

छाटीचा नियम तर आणखी निराळा. विडी कारखान्यात चेकर बायकांच्या कट्ट्यांतल्या, म्हणजे विड्यांच्या जुड्यांतल्या, काही विड्या वाईट म्हणून बाजूला टाकतो, त्याला छाट म्हणतात. पूर्वी छाट बाईला परतही मिळायची नाही आणि कारणही सांगायचे नाहीत. आप्पांकडं कुणी बदल पाठवला आणि तो नापसंत पडला, तर तो परत जायचाच, आणि सोबत कारणं जायची. मुद्देसूद, नंबर घालून. मी अर्जघरासाठी पहिल्यांदा मराठी सूचना लिहून पाठवल्या तेव्हा मला वाटलं होतं, आता भाषेत जरा धग येईल. बँकेच्या रकान्यापाशी मी लिहिलं होतं, ‘कोणत्याही दडपशाहीला न घाबरता आपला खाते क्रमांक नोंदवा!’ छाट परत आली. कारण एक: ‘खाते क्रमांक नोंदवायला धैर्य लागत नाही, पासबुक लागतं.’ कारण दोन: ‘उद्गारचिन्ह बघून म्हाताऱ्या बायकांना काहीतरी चुकलं असं वाटतं.’

मी चिडले होते. पण दर रविवारी मच्छेला जाऊन त्यांच्याकडून थोडा थोडा कोड शिकायला लागले, तेही त्याच चिडीत. पुढच्या वेळी याला छाटायला जागाच ठेवायची नाही, असं ठरवून.

आता रकान्याकडं येते.

आमच्या सीमाभागात एका बाईची दोन-तीन नावं असतात, आणि हे तिचं पाप नाही. कर्नाटकच्या कागदावर पुष्कळ वेळा स्वतःचं नाव आणि नवऱ्याचं नाव, बस. आडनाव लिहायची पद्धतच नाही. अर्जघरात मात्र आप्पांनी कधीकाळी मराठी रिवाजानं तीन रकाने केले होते: नाव, नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव, आडनाव. तिन्ही सक्तीचे. भरल्याशिवाय पुढचं पानच उघडत नसे.

तेव्हा बायकांनी काय करावं? मशीन विचारतंय आडनाव, कागदावर आडनाव नाही. त्यांनी खरं तेच सांगितलं. रकान्यात लिहवलं, ‘नाही’.

बघता बघता निपाणीत ‘नाही’ आडनावाचं मोठं घराणं तयार झालं. शेवंता मारुती नाही. गंगूबाई परशराम नाही. शकुंतला बाबू नाही. वर्षानुवर्षं हे अर्ज बिनबोभाट मंजूर झाले, कारण तिकडं कुणी वाचतच नव्हतं. त्या वर्षी मात्र सरकारी संकेतस्थळानं बँकेतल्या नावाशी नाव जुळवून बघायला सुरुवात केली, आणि ‘नाही’ घराण्यातल्या पोरींच्या शिष्यवृत्तीचे अर्ज आईच्या नावावर अडून धडाधड परत आले. बँकेत शेवंता मारुती, अर्जात शेवंता मारुती नाही. ही बाई कोण?

शेवंताक्का आमच्या संघटनेतल्या. त्यांची थोरली नर्सिंगला बेळगावात, दुसऱ्या वर्षाला. शिष्यवृत्ती आली नाही तर पोरगी परत निपाणीला, मांडीवर सूप घेऊन आईशेजारी. पान कापा, तंबाखू भरा, दोरा बांधा. शेवंताक्का मला म्हणाल्या, “गं बाई, तिला सुपावर बसायचं न्हाय म्हणून मी एवढी वर्षं बसले. आता मशीन म्हणतंय तुला आडनाव न्हाय. मारुतीनं कवा दिलं न्हाय, मी कुठनं आणू?”

अर्ज दुरुस्त करून पाठवायची शेवटची तारीख जवळ होती. सरकारी साइटला आडनाव रिकामं चालत होतं, अडलं होतं फक्त अर्जघरात. मी बस पकडली, मच्छेला गेले. लाल पाटी लागलेली. भट्टी बंद, सगळ्या गावांचा ‘हो’ येऊन गेलेला.

“आप्पा, एक ओळ आहे,” मी म्हणाले. “आडनाव सक्तीचं आहे, ते सक्तीचं नाही, एवढंच लिहायचं. मीसुद्धा लिहीन.”

“व्हय, एकच ओळ हाय,” आप्पा म्हणाले. “पर तेलंगणात आडनाव नावाच्या आदी लिवत्यात. त्यो रकाना रिकामा ऱ्हायला की त्यांच्या अर्जात पुढचं समदं सरकतंय. त्यांनी ही खेप तपासून हो म्हटलंय. आता मी हात लावला की त्यांचा हो खोटा पडला.”

“आणि इथल्या पोरी?”

आप्पांनी खुर्ची माझ्याकडं वळवली. खाली लेथ चालू होता. मग म्हणाले, “आई कट्टे घिऊन कारखान्यात जायची. चेकर दारात सांगायचा, आजपासनं माप बदललंय, विडी आखूड हाय. घरातनं निघताना बरोबर आसलेली विडी दारात पोचेस्तवर चुकीची. वळून झाल्यावर माप बदलायचं न्हाय, एवढंच मी शिकलोय बघ.”

मला वाईट वाटलं, पण मी त्यासाठी आले नव्हते. मी म्हणाले, त्यांनी माप लबाडीनं बदललं, आम्ही न्यायासाठी बदलायला सांगतोय.

“माप बदलणाऱ्या परत्येकाला आसंच वाटतंय, पत्रकबाई.”

माझं डोकं फिरलं. तुमची आई आणि शेवंताक्का एकाच सुपावरच्या बायका, असं काहीतरी मी बोलले, आणि शेवटी म्हणाले, “मग आम्ही वेगळी चूल मांडतो.”

आप्पांचा चेहरा एकदम खुलला. ही धमकी होती, हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. म्हणाले, “मांड की! त्यासाठीच तर समदं उघडं ठेवलंय.” कोड कुठून उचलायचा, कुठं ठेवायचा, सर्व्हर कसा लावायचा, सगळं सांगायला लागले. वेळ कमी होता म्हणून दुसऱ्या दिवशी स्वतः निपाणीला यायचं ठरवलं. आणि त्याच सकाळी माझी पत्रकं छापून आली. म्हणजे स्टँडवर त्यांनी माझ्या हातून पत्रक घेतलं तेव्हा ते मला त्यांच्याच विरोधात उभं राहायला शिकवायला आले होते. पत्रक खिशात, लॅपटॉप बगलेत, आमच्या कार्यालयात येऊन दिवसभर बसले. मी माझ्या चुलीचं नाव ‘हक्कघर’ ठेवलं. “बरं हाय,” म्हणाले, “घर तेच, पाटी नवी.” सक्तीची ती ओळ मात्र त्यांनी मला स्वतःच्या हातानं बदलायला लावली. आपण खिडकीकडं तोंड करून बसले. भट्टीत हात घातला नाही म्हणजे नाही.

खेपेचा दिवस उजाडला. खेप संकेश्वरची, तेव्हा आप्पा सकाळच्या बसनं ती सोडायला संकेश्वरला गेले होते. त्याच दिवशी आम्ही निपाणीत समाजमंदिरात अर्ज दुरुस्तीचं शिबिर लावलं होतं. मी लॅपटॉप मांडत होते तेवढ्यात संकेश्वर खेपेची घोषणा फोनवर आली. आप्पांच्या घोषणेत नेहमी दोन भाग असत, ‘नवीन काय’ आणि ‘माहीत असलेले दोष’. दोषांच्या भागात माझं पत्रक होतं. अख्खं. एकही शब्द गाळलेला नाही, ‘आप्पांच्या हटवादी भट्टीत आमच्या मुलींचं शिक्षण जळतंय’ हेसुद्धा. खाली त्यांनी लिहिलं होतं: ‘हे खरं आहे. ज्यांच्या कागदावर आडनाव नाही त्यांनी संकेश्वर घेऊ नये. निपाणीचं हक्कघर घ्यावं.’ आणि पुढं आमचा पत्ता.

तेलंगणातून एकानं लगेच विचारलं की ‘लढा चालूच राहील’ हा दोष कोणत्या पानावर दिसतो.

बायका यायला लागल्या, मी त्यांची पासबुकं बघत होते तोवर आप्पाच दारात. संकेश्वरहून पुढची बस पकडून थेट. एक रिकामा लॅपटॉप बघून बसले, समोर एक बाई बसवली आणि अर्ज भरायला लागले. हक्कघरात. माझ्या.

दुपारपर्यंत समाजमंदिर भरलं. प्रत्येक लॅपटॉपपुढं एक बाई, मागं रांग, पिशव्यांतून पासबुकं. सगळं झकास चाललं होतं आणि माझा फोन वाजला. आप्पांनी हक्कघराच्या तक्रारीच्या पानावर रीतसर तक्रार नोंदवली होती. हाताच्या अंतरावर बसून.

“आप्पा, मी इथंच आहे. तोंडानं सांगा की.”

“तोंडी तक्रार हरवती,” ते म्हणाले, मान वर न करता.

तक्रार वाचली. आडनाव रिकामं सोडलं तर शेवटच्या पानावर तयार अर्जात नावापुढं इंग्रजीत ‘नल’ असं छापून येत होतं. आत काहीच नसलं की मशीन तिथं स्वतःच्या भाषेत नल लिहितं. नल म्हणजे नाही. माझ्या एका ओळीनं निपाणीच्या बायकांना ‘नाही’ घराण्यातून काढून ‘नल’ घराण्यात दिलं होतं.

अर्ज तपासून एकदमच पाठवायचे ठरलं होतं, म्हणून सुदैवानं अजून कुणी ‘पाठवा’ दाबलं नव्हतं. मी सगळ्यांना थांबा म्हणून ओरडले, खाली बसले आणि दुरुस्ती करायला घेतली. हे मला येत होतं, रविवारची शिकवणी वाया गेली नव्हती. दुरुस्ती झाली. आणि आम्ही काही आप्पा नाही, आमच्याकडं भट्टी नाही, पंधरवडा नाही, जनतेचं काम तात्काळ, अशा तोऱ्यात मी ती तिथल्या तिथं चालू हक्कघरावर चढवली.

सगळ्या लॅपटॉपवर एकदम पहिलं पान आलं. ‘नमस्कार. आपलं नाव सांगा.’ निम्मा, पाऊण, पुरा भरलेला प्रत्येक अर्ज पुसला गेला.

समाजमंदिरात आधी कुणाला काही कळलं नाही. मग शेवंताक्कांना कळलं. त्यांचा अर्ज शेवटच्या पानावर होता. त्या उठून माझ्यापुढं आल्या आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, “अगं ए, हातात विडी आसताना मांडीवरचं सूप कोण ओढतंय?”

सगळ्या बायका हसल्या. मीही हसले, दुसरं काय करणार. आप्पांकडं बघितलं. काहीतरी बोलतील, निदान भुवई तरी उचलतील म्हणून बघितलं. त्यांनी आपल्या समोरच्या बाईचं पासबुक पुन्हा पहिल्या पानावर उघडलं होतं आणि तिला विचारत होते, “हां आक्का, नाव सांगा. पहिल्यापास्नं.”

दिवेलागणीच्या आत सगळे अर्ज परत भरून गेले. आडनाव कोरं. ‘नल’ नाही, ‘नाही’ नाही. शेवंताक्कांच्या थोरलीची शिष्यवृत्ती पुढं मंजूर झाली आणि ती बेळगावातच राहिली. बाकीच्या पोरींचीही झाली.

पण आमची मागणी हक्कघरापुरती नव्हती. सोलापुरातल्या, तेलंगणातल्या, कुठल्याही बाईचं नाव रकान्यात अडू नये, ही होती. त्यासाठी ती ओळ आप्पांच्या अर्जघरात जायला हवी. भट्टी उघडल्या उघडल्या मी ती पाठवली. नल काढून, तेलंगणाच्या उलट्या नावांची काळजी घेऊन, चालू अर्ज पुसले जाणार नाहीत अशी. यावेळी छाटायला काही ठेवलं नव्हतं.

छाट परत आली. एकच कारण.

‘रकाना सक्तीचा असावा की नसावा हा प्रश्न नाही. आडनाव आपण विचारतोच कशाला? सरकारी साइटला ते लागत नाही. ते वाचून इथं कुणाला काय कळतं, हे तुला आणि मला दोघांनाही माहीत आहे. तीन रकाने मी केले, तेव्हा विचार केला नव्हता. एकच रकाना करू. नाव, माणूस सांगेल तसं. कुणाचं आधी, कुणाचं मागं, कुणाचं एकच, ज्याचं त्यानं ठरवावं. तेलंगणाचाही प्रश्न सुटतो. कर आणि पाठव.’

पत्रकं मी लिहिते, मोर्चे मी काढते, आणि आडनावाचा रकाना सैल करा एवढीच माझी मागणी होती. इतकी मवाळ मागणी मी आयुष्यात केली नव्हती. तो रकाना उपटून टाका म्हणाला तो भट्टीवाला माणूस.

मी महिनाभर राबून ते केलं. आणखी दोनदा छाट आली, दोन्ही वेळा कारणांसकट, दोन्ही वेळा मी फोनवर भांडले आणि दुरुस्त केलं. तेलंगणातल्या लोकांनी तेलुगूत तपासलं. सोलापूरकरांनी तपासलं. मराठीत तपासायला आप्पा म्हणाले, निपाणीलाच येतो, ज्यांच्यासाठी केलंय त्यांच्याकडूनच हो घेऊ.

शेवंताक्का दारात सूप घेऊन बसल्या होत्या. आप्पा उंबऱ्यावर बसले, मांडीवर लॅपटॉप ठेवला. पहिलं पान उघडलं.

“नाव सांगा, आक्का. तुमी सांगता तसं.”

“शेवंता मारुती.”

“आणखी?”

“आणखी काय आसतंय?” शेवंताक्का विडीचं तोंड दुमडत म्हणाल्या. “झालं की.”

आप्पांनी ‘पुढे’ दाबलं. दुसरं पान उघडलं.